पिशवीतली झळक

माझ्या खोलीत एक कपाट आहे, सतत हलणारं. आत जाळीच्या ताटल्या आहेत आणि त्या सावकाश पुढे-मागे सरकत राहतात, कारण त्यांच्यावरच्या पिशव्यांत प्लेटलेट असतात आणि फार वेळ निवांत पडू दिल्या तर त्या मरतात. जखमेवर धावून जाऊन रक्त गोठवणारे हे बारीक कण. शरीराबाहेर काढले की जेमतेम पाच दिवस टिकतात. ते आणखी थोडे दिवस कसे जगवता येतील, यावर मी भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात गेली कित्येक वर्षं डोकेफोड करते आहे. एवढ्याशा गोष्टीवर आख्खी नोकरी, असं घरचे चिडवतात. पूर्वी मी भांडायचे, आता सोडून दिलंय.

प्लेटलेट जिवंत आहेत की नाहीत हे बघायची सोपी रीत आहे. पिशवी खिडकीशी धरून हळूच कलती करायची. जिवंत प्लेटलेट बशीसारखी चपटी असते, उजेडात वळली की चमकते. असंख्य एकदम वळल्या की त्या पिवळट पाण्यात रेशमासारखी झळक फिरते. मरायला लागली की प्लेटलेट गोल होते आणि झळक जाते. मग पिशवी कशीही कलती करा, पेजेसारखी मख्ख दिसते.

ही झळक आवडणारा माझा एक रक्तदाता होता. चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली काम करायचा. नखांच्या कडांना मँगनीजची काळी रेघ, कितीही धुतली तरी न जाणारी. दर काही महिन्यांनी मोटरसायकलवर भंडाऱ्याला यायचा, खुर्चीत पडायचा आणि यंत्र त्याचं रक्त काढून, प्लेटलेट वेगळ्या करून बाकीचं परत आत सोडेपर्यंत अखंड बोलत राहायचा. "मॅडम, ओठाले मुंग्या येऊन राहिल्या," म्हणाला की मी कॅल्शियमची गोळी द्यायचे. मी तशी खाष्ट आहे, कामाच्या वेळी गप्पा मला खपत नाहीत. त्याच्या खपायच्या. निघताना तो पिशवी खिडकीशी धरायला लावायचा आणि म्हणायचा, "खाली टोपीच्या बत्तीत दगडं बी असेच चमकतात. बायकोले सांगतो तं हासते."

शेवटच्या वेळी आला तेव्हा त्याच्या मोठ्या पिशवीतून मी त्याच्या संमतीनं थोडा भाग माझ्या अभ्यासासाठी छोट्या पिशवीत घेतला. मोठी पिशवी दुसऱ्याच दिवशी एका बाळंतिणीला चढवली. तिचं रक्त थांबत नव्हतं, ते थांबलं. छोटी पिशवी तिसऱ्या ताटलीत हलत राहिली.

त्यानंतरच्या दिवशी दुपारी त्याला दवाखान्यात आणलं. तुमसरच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं होतं. कोणाची चूक होती ते मला माहीत नाही. रक्त सगळं रस्त्यावरच गेलं होतं, आमच्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला शवागारात नेलं, आणि शवागार माझ्या खोलीच्या मागच्याच भिंतीला लागून आहे.

त्या दुपारी त्याच्या छोट्या पिशवीची चाचणी ठरलेली होती. टाळता आली असती. मी हट्टानं केली, कारण हात थांबवले असते तर मला रडू आलं असतं. चाचणी साधी असते. जखमेत उघडा पडणारा एक पदार्थ नळीत थेंबभर टाकायचा, म्हणजे प्लेटलेटना वाटतं की कुठेतरी कापलंय आणि त्या धावत येऊन एकमेकींना चिकटतात. पडद्यावर रेघ चढत जाते. मी थेंब टाकला. रेघ सरळ वर गेली, कोणाचीच कधी गेली नव्हती इतक्या झपाट्यानं. भिंतीपलीकडे तो जखमा घेऊन पडला होता आणि इकडे त्याच्या प्लेटलेट एका नसलेल्या जखमेकडे धावत होत्या. मी चाचणी पुन्हा केली. पुन्हा तसंच. मग मी खोलीचं दार उघडं टाकून बाहेर बाकावर जाऊन बसले.

तिथेच त्याची बायको माझ्याजवळ आली. कोणीतरी तिला सांगितलं असणार. तिच्या मागे तिची मोठी जाऊ, पदर तोंडाशी धरून.

"मॅडम, त्यायचं रक्त तुमच्यापाशी आहे म्हन्तेत. खरं आहे का जी?"

"रक्त नाही. त्यातला थोडासा भाग."

"जित्ता आहे?"

याचं उत्तर मला नीट द्यायला हवं होतं. पेशीचं जगणं वेगळं, माणसाचं वेगळं, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. तिच्या तोंडाकडे बघून मी एवढंच म्हणाले, "आहे."

तिला आत नेलं. तिनं कपाटाच्या काचेला कपाळ लावलं. ताटल्या पुढे-मागे होत होत्या. ते यंत्र बारीक कुरकुरतं, मला इतक्या वर्षांत ते कधी ऐकू आलं नव्हतं. त्या दिवसापासून येतंय.

"हे तं हालून राहिलं," ती म्हणाली. "अन् बाकीचं?"

"एका बाईला दिलं. ती वाचली."

"तिच्या अंगात किती दिस राहीन?"

"आठ-दहा दिवस."

ती जावेकडे वळली. "मंग मी आतापासून कायले बांगड्या काढू?"

"येडी झाली का तू?" जाऊ कळवळून म्हणाली. "आज राहू दे. पन दहाव्याले नदीवर उतरवाच लागन."

एका 'आहे'वर या बाईनं आपलं सौभाग्य टांगलं होतं, आणि त्याची दोरी माझ्या हातात होती.

मी छोटी पिशवी रोज बघू लागले. आयुष्य वाढवणारं जे द्रावण मी त्याच्या पिशवीत घातलं होतं, तेच इतर दात्यांच्याही पिशव्यांत होतं. एकेक करून त्या मख्ख झाल्या. दहावा उजाडायच्या आधी सगळ्या गेल्या होत्या, त्याची सोडून. त्याची चमकत होती. अभ्यास म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटत होती. ती पिशवी परत ठेवून निघताना मी तिच्याकडे पाठ करणं टाळायचे, हे आज लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

दहावा कारध्याला वैनगंगेवर होता. त्याची बायको तिथून पूल ओलांडून पायी आली. लुगड्याचा काठ ओला, पायांना वाळू. जाऊ धापा टाकत मागे.

"सगळे वाळूत बसून आहेत," ती म्हणाली. "त्या बाईच्या अंगातले सरले असतीन. तुमच्यापाशी आहेत तेवढेच. तुमी सांगा, मॅडम. गेले असतीन तं मी उतरवतो."

हातात हिरव्या बांगड्या होत्या, मनगटाला घट्ट बसलेल्या. बांगड्या फोडायचं काही कारण नाही, हे मी तिला सहज ऐकवू शकले असते. माझी तशी मतं आहेत आणि ती मी चारचौघांत तावातावानं मांडते. पण तिनं माझं मत विचारलं नव्हतं. मी पिशवी काढली, खिडकीशी धरली. मग मी हळूच कलती केली.

झळक होती. मंद, पण होती. तळाशी उगवून एका बाजूनं वर गेली आणि विरली.

"आहेत," मी म्हणाले.

तिनं स्वतः पाहिलं, डोळे बारीक करून, पुष्कळ वेळ. "दगडं असेच चमकतात म्हनत होते," ती म्हणाली. "मी हासत होतो." मग जावेला म्हणाली, "चाल. वाळूत बसलेल्यायले सांग, नाही उतरवत."

जाऊ माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी बोलावं. मी पिशवी परत ताटलीत ठेवली. जाताना व्हरांड्यात बांगड्यांचा आवाज येत होता, पार जिन्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी मख्ख होती. ती एवढी का टिकली याची मी बरीच कारणं शोधली, एकही पुरेसं वाटलं नाही. त्याच्या बायकोला मी कळवलं नाही. तिनंही विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर ती एकटीच आली. रक्त द्यायचं म्हणाली. त्याच खुर्चीत बसली, बाही वर केली आणि हात पुढे केला. हिरव्या बांगड्या तशाच होत्या, कामाधामात एखादी पिचून वाढली असेल तेवढीच. मी दंडाला पट्टा बांधायला घेतला तेव्हा तिनं मनगट आखडून घेतलं.

"हे काढा लागते का जी?"

"नाही," मी म्हणाले. "असू द्या."