नव्या कॅमची पहिली रेस

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन पूर्ण खोललं. जवळच्या गोरेगावच्या मिस्त्रीनं नवा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा, आणि त्यावर टेकणारे नवे टॅपेट घातले, पण बाबा शेजारून हलले नाहीत. तरुणपणी ते स्वतः गॅरेजात कामाला होते. कॅमच्या प्रत्येक उंचवट्यावर त्यांनी आपल्या बोटानं घट्ट वंगण चोळलं आणि मला बजावलं, "पयल्यांदा चालू केला का स्लोवर ठेवाचा नाई. स्लोवर कॅमले तेल पुरत नाई. वीसेक मिनिटं रेस धरून ठेव, नाई तं कॅम न् टॅपेट एकमेकाले खाऊन टाकतेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात इंजिन चालू केलं आणि लिव्हर ओढून रेस चढवली. आवाज मोठा, पण एकसारखा होता. बाबा बाजेवर बसून ऐकत होते. पाइपाच्या जोडातून पाणी ठिबकताना दिसलं, म्हणून जोड आवळण्यासाठी मी पेचकस आणायला घरात गेलो. तो लवकर सापडेना. त्यात आई काहीतरी सांगत होती. इंजिनाचा आवाज खाली बसल्याचं माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

बाहेर आलो तर बाबा ट्रॅक्टरपाशी उभे, हात लिव्हरवर.

"काऊन रेस कमी केली, बाबा?"

"नवा इंजन हाय. इतका कायले रेसवून राहिला? आरामात चालू दे त्याले."

तुम्हीच तर काल सांगितलं होतं, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "मी कवा म्हटलो?"

आई दारात उभी होती. तिनं मान खाली घातली.

मी पुन्हा रेस चढवली, पण आता एका जागी बारीक टकटक लागली होती. मिस्त्रीनं खोलून दाखवलं, कॅमचा एक उंचवटा टोकाला घासला होता. कसं झालं म्हणून त्यानं विचारलं. लिव्हर सरकली, असं मी सांगून टाकलं. बाबा गंभीरपणे म्हणाले की मग लिव्हर आधी कसून घ्या.

त्या संध्याकाळी आई बोलली. नागऱ्याच्या देवळातून परतताना बाबा दोनदा रस्ता चुकले होते. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मग बाबांना गोंदियाला नेलं. तिथल्या डॉक्टरनं तपासण्या केल्या आणि हिंदीत समजावलं की विसर वाढत जाईल, औषधानं फार तर सावकाश वाढेल.

दुसरा कॅम आला तेव्हा वंगण बाबांनीच चोळलं, एकही उंचवटा न चुकवता. या खेपेला मी लिव्हर सोडली नाही. कॅम नीट रुळला. धानाच्या रोवणीची सगळी चिखलणी त्याच ट्रॅक्टरनं झाली.

परवा मी शेतातून येऊन हातपाय धूत होतो. बाबांनी मला विचारलं, "आमचा पोरगा अजून काऊन नाई आला?"

"येऊन राहिला," मी म्हटलं आणि त्यांच्याजवळ बाजेवर बसलो.