कातेलचा बिडाचा हंडा

कातेल रोपार्सांच्या घरी कामाला लागली तेव्हा सतरा वर्षांची होती. म्हातारी मालकीण गेली तेव्हा अठ्ठेचाळीसची. एकतीस वर्षं तिनं फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या त्या घराला एकाच बिडाच्या हंड्यातून जेवू घातलं. कुट्टूचं भिजवलेलं पीठ कापडी पिशवीत बांधायचं आणि डुकराच्या मांसासोबत चार तास मंद आचेवर उकळायचं. तिच्या त्या फार्झसाठी पाहुणे मुक्काम वाढवायचे. हंडा दोघांनी धरावा असा जड. कातेल एकटी उचलायची. मध्ये अल्युमिनियमची पातेली आली, करपून करपून भंगारात गेली. हंड्याला काही झालं नाही.

मालकिणीनं शेवटच्या आजारात लेक-जावयासमोर सांगितलं होतं, हंडा कातेलचा. कातेलनं तेवढ्यावर पुढचं आयुष्य बेतलं. गुरुवारच्या बाजारात फार्झ विकायला जागा मिळवली. ईस्टरनंतरच्या पहिल्या गुरुवारी चूल पेटली नाही तर जागा दुसऱ्याची, असं बाजाराच्या कचेरीनं बजावलेलं.

दफनाच्या दिवशीच तिनं हंडा न्यायला हवा होता. कोण अडवणार होतं? पण बाई मानी. चोरासारखा उचलणार नाही म्हणाली, घरच्यांनी हातात द्यावा. राबणाऱ्या माणसाला एवढी ऐट परवडत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी ती ढकलगाडी घेऊन गेली. मालकिणीची लेक एनोरा. तिला कातेलनंच न्हाऊमाखू घातलेलं. लग्नानंतर मात्र ‘ताई, तुम्ही’ म्हणावं लागायचं. हंडा दारातच होता. त्यात माती, मातीत जिरेनियम. मुळं कुजू नयेत म्हणून जावयानं, याननं, बुडाला ड्रिलनं पाच भोकं पाडलेली.

“एनोराताई, हा माझा होता.”

“आहेच की. ने ना. आईनं हंडा म्हटलं, आम्ही हंडा देतोय. बुडाबद्दल ती काही बोलल्याचं मला आठवत नाही.”

यान आतून म्हणाला, आता खाली लागायची भीती तरी नाही. दोघं हसली. बीड सांधून मिळतं का, कातेलनं विचारलं. यान जहाजाच्या कारखान्यात फोरमन. त्यानं सांगितलं, भांड्याला उपयोगी पडेल असं नाही सांधत. म्हणजे भोकं पाडण्याआधीही त्याला ते ठाऊक होतं.

कातेलनं हंडा कवेत घेतला आणि पालथा केला. माती, फुलं, सगळं चकचकीत फरशीवर.

एनोरा जराही चिडली नाही. “जाताना तेवढं झाडून जा, कातेल. केरसुणी कुठे असते तुला माहीत आहे.”

ती केरसुणी एनोराच्या अंगावर बसायला हवी होती. बसली नाही. कातेलनं झाडलं. कोपऱ्यांतूनही झाडलं, कारण अर्धवट झाडणं तिला येत नव्हतं.

गुरुवारी तिच्या जागेवर एका मासळीवालीनं टोपल्या मांडल्या. शनिवारी एनोराचा निरोप आला: पाहुणे येताहेत, फार्झ हवा, अल्युमिनियमचं पातेलं चालेल ना?

कातेल फार्झ करायला गेली.