सामाजीने पाडलेला पडदा

सामाजी थळकर भर नाटकात पिऊन कोसळला, कोसळताना आधाराला पडद्याची दोरी धरली आणि म्हणून पडदा खाली आला, असं इस्रायलमधल्या आमच्या बीरशेबात दवाखान्याच्या रांगेत बरेच दिवस चाललं होतं. रांगेत दुसरं करायचं तरी काय? शेवटी मीच तोंड उघडलं. अहो, जो माणूस शब्बाथच्या किद्दुशला वाइनऐवजी मनुकांचं सरबत घेतो आणि तेही छातीत जळजळतं म्हणून अर्धा पेला ठेवून देतो, तो पिणार काय आणि कोसळणार काय! पडदा त्यानं शुद्धीत पाडला. शुद्धीत पाडला, हीच तर भानगड.

माझ्या भिंतीपलीकडे राहतो तो. भिंत इतकी पातळ की माझं सगळं त्याला ऐकू जातं. त्याच्याकडून मात्र भांड्यांशिवाय कसला आवाज येत नाही. बायको असती तर आला असता.

ज्याला आता नाट्यगृह म्हणायचं, ते पत्र्याचं थेटर अठ्ठेचाळीसच्या लढाईत लष्करी ट्रकांचं गॅरेज होतं. ट्रक गेले आणि माणसं आली. एकावन्नच्या हिवाळ्यात मुंबईहून उतरलेल्यांना घरं मिळेपर्यंत तिथेच खाटा दिल्या होत्या. जमिनीवर तेलाचे डाग, खाटेला खाट चिकटलेली, आमच्या लोकांशेजारी रुमानियाचे, त्यांच्या शेजारी मोरोक्कोचे. मी वर्षभरानं आले, तेव्हा हे सगळं ऐकलेलंच. सामाजीची बायको मलका तिथे तापानं पडली. पावसानं रस्ता वाहून गेला होता, दवाखान्याची गाडी आली नाही. टोकाला एकच दिवा होता, त्याच्याखालच्या खाटेवर संध्याकाळी ती गेली. लोक समोर पाव खात होते, खाता खाता बघत होते. सामाजीनं आडोशाला चादर मागितली, पण थंडी अशी की जो तो आपली चादर गुंडाळून बसलेला. त्यानं आपला कोट काढून घातला. कोट आखूड. तोंड झाकलं की पाय उघडे. दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं न्यायला आली, तोवर मलका तशीच सगळ्यांच्या नजरेपुढे.

पुढे त्या पत्र्यात पिठाची पोती आली, मग बाकडी आणि सिनेमा, आणि पंचावन्नला रंगमंच. रंगमंच बांधला तो नेमका त्या दिव्याच्या टोकाला. व्यवस्थापक गिदोननं विचारलं, दोऱ्या ओढायला कुणाला येतं? सामाजीचा जन्म गिरगावात नाटक कंपनीचा पडदा ओढण्यात गेलेला. त्यानं रस्त्याच्या कामावरचं फावडं त्याच दिवशी टाकलं.

मी चिडवायची, "काय भाऊ, आगबोटीनं एवढं लांब आलात, ते दोरीच ओढायला?"

"दोरी तीच गो, जूडिथबाय. आता वर-खाली हिब्रूत."

हिब्रू त्याला भाजीपुरती यायची. नाटकातलं अक्षर कळत नसे. समोरच्या विंगेत गिदोन उभा, त्याचा हात खाली आला की पडदा खाली. कधी चूक नाही. त्या नोकरीवर त्याचा जीव. बायको जिथे गेली तिथे रोज कसे उभे राहता, असं मी एकदा विचारलंच. माझं तोंड गप्प कुठे बसतंय? तो म्हणाला, कबर उन्हात आहे, इथे निदान सावली आहे.

मग गेल्या हिवाळ्यात तेल अविवची नाटक मंडळी आली. सगळं गाव गेलं. मी चौथ्या बाकावर, पदरात सूर्यफुलाच्या बिया. दुसऱ्या अंकात लोखंडी खाटेवर, दिव्याखाली, एक बाई मरते. नवरा शेजारी उभा राहून बोलायला लागतो, आणि बोलतो, बोलतो. सामाजीच्या कंपनीत शिस्त अशी की नाटकात माणूस मेलं की लगेच पडदा. मेलेल्याची छाती हलताना दिसली की लोक हसतात. इथे गिदोनचा हात काही खाली येईना. सगळीकडे बिया फोडल्याचा कटकट आवाज. तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, ही तर श्वास घेतेय. बाकडीच्या बाकडी हसली.

आणि पडदा आला.

पडद्याआडून नवऱ्याचा आवाज थोडा वेळ चालू राहिला, मग थांबला. गिदोन धावत गेला, उचल म्हणाला. सामाजीनं दोरीचे वेढे खुंटीला घट्ट घातले आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मंडळींनी तिसरा अंक केलाच नाही. सामान आवरून बस पकडली.

आता थेटरात पडद्याला विजेची मोटर आहे; गुणगुणते. सामाजी पहाटे ट्रकमध्ये चढतो, येरुहामच्या रस्त्यावर खडी टाकायला. आल्यावर भांड्यांचा आवाज येतो, तोही पूर्वीपेक्षा कमी.

हे टळलं असतं, कारण गिदोन माणूस वाईट नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सामाजीला बोलावलं, आणि दुभाषी म्हणून मला. मला म्हणाला, दोरी निसटली एवढं त्याला म्हणू दे, मंडळींना मी तसं कळवतो, नोकरी राहील. मी मराठीत सांगितलं आणि वर पदरचं घातलं: "भाऊ, म्हणा निसटली. एका शब्दाचं काम आहे. नाहीतर पुन्हा फावडं."

सामाजी आपल्या तळव्यांकडे बघत बसला. दोरी आपल्या हातून कधी निसटलेली नाही, म्हणाला.

गिदोन वैतागला. मग पाडलास का, मी हात केला नव्हता, तुला कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. मी तेही सांगितलं, जरा मऊ करून.

सामाजी उठला, टोपी घातली आणि माझ्याकडे न बघता गिदोनला मराठीतच म्हणाला,

"माणूस मेलं की पडदा पाडायचा असतो. मागच्या खेपेला दोरी माझ्या हातात नव्हती."