पॉलिश त्याची खराब नव्हती

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशिमच्या भाजीबाजारात होतो आणि माझ्या वांग्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, चालू होता. फोन त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनीचा. "भाऊ, गेले तुमचे दोस्त," एवढंच ती म्हणाली आणि मग नुसते घरातले रडण्याचे आवाज येत राहिले. वांगी तिथेच टाकून मी त्याच्या गावाला, जऊळक्याला, टेम्पो काढला. ती कोणी नेली, अजून विचारलेलं नाही. वाटेत मालेगावला चहाला थांबलो तेवढ्यात मोबाइल उघडला, तर वाशिमच्या आमच्या ग्रुपवर फुलांचा आणि जोडलेल्या हातांचा खच पडला होता. ज्यांनी त्याला आयुष्यभर 'ए फरशीवाला' याखेरीज हाक मारली नाही, ते आता 'मिलिंदभाऊ, आपण सदैव हृदयात राहाल' असं लिहीत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते हेच. त्यात, ज्यांच्या घरची फरशी त्याने एकदा केली होती, त्या वकीलसाहेबांचाही मजकूर होता... 'एक हिरा हरपला.' तो वाचला आणि हातातला चहा ओतून दिला, चूळ भरली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, तोंडाची कडू चव मात्र तशीच आहे.

मिलिंदचा धंदा जुन्या घरांतल्या संगमरवरी फरश्या नव्यासारख्या करून देण्याचा. कापसाच्या व्यापारात ज्यांनी कधीकाळी पैसा पाहिला, त्यांनी राजस्थानातून दगड आणवून घरं सजवली. पुढच्या पिढ्यांनी त्या दगडावर सायकली चालवल्या, गॅसच्या टाक्या ओढल्या आणि दिवाळी आली की संडास धुवायचं ॲसिड ओतून तो 'स्वच्छ' केला. मग फरशी पिवळी पडली, खरबरीत झाली, की मिलिंदला बोलावणं. घासाईचं मशीन अवजड, त्याच्याकडे गाडी नाही. मी रिठदहून रोज भाजी घेऊन वाशिमला येणारा. भाजी उतरवली की रिकाम्या टेम्पोत त्याचं मशीन चढायचं. अशी आमची दोस्ती जुळली. मशीनला सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास आणि माझ्या पालकाला दगडाची भुकटी, अशी दोघांचीही गिऱ्हाइकं कुरकुरत असत.

तो गरीब बिचारा वगैरे अजिबात नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मेलेल्या माणसाला गरीब गाय करून टाकण्याची जी खोड आपल्याला आहे, तिची मला चीड आहे. मिलिंद बढाईखोर होता. कामावर येताना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, तो खुंटीला टांगून बनियनवर काम करायचा आणि जाताना पुन्हा शर्ट. "वाशिम जिल्ह्यात माह्यासारखा हात दाखव, मशीन तुले बक्षीस," हे वाक्य त्याने हॉटेलात किती वेळा ऐकवलं असेल. थापाही मारायचा. एका आमदाराच्या घरी आपण घासलेल्या फरशीवर मांजर घसरून पडलं, ही त्यातली आवडती थाप, आणि दर वेळी मांजर आधीपेक्षा लांब घसरत जाई.

त्याच्यामुळे मी चांगल्याचांगल्यांच्या घरांचा तळ पाहिला. कपाटं हलवायला मी हात लावायचो म्हणून. बाहेरून अत्तर आणि आतून काय, ते फ्रिज सरकवला की कळतं. तुपाचा काळा थर, त्यात चिकटलेली झुरळं, कुजलेली लसणाची सालं, आणि देवघराच्या चौरंगाखाली तेलात न्हालेली उंदराची लेंडी. मी तोंड फिरवायचो. ज्यांच्या घरी चप्पल चार हात लांब काढावी लागायची, त्यांच्याच घरी हा माल जास्त निघायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा! मिलिंद मात्र पत्रा घेऊन मजेत खरवडत बसायचा. "तुले घाण वाटते, मले धंदा वाटते," म्हणायचा. घाण कोणाचीही असो, तो नाक मुरडत नसे. दगडाचा आधी मळ काढायचा, मग तुटलेले सांधे त्याच रंगाच्या भुकटीने भरायचे, मग पाणी सोडून मशीनच्या जाड घासदगडापासून बारीक घासदगडापर्यंत घासत यायचं आणि शेवटी पॉलिश. तो नेहमी घराच्या सगळ्यात आतल्या खोलीतून सुरुवात करून मागे मागे सरकत बाहेरच्या दारापाशी येई. आणि उंबऱ्याशी आला की ओलं फडकं घेऊन आपल्या पायांचे, गुडघ्यांचे, हाताच्या पंज्याचे उरलेसुरले ठसे पुसून टाकी. माझेही पुसायचा, वर मला शिव्या द्यायचा. "गजा, शेतातली माती तितंच धुऊन येत जा ना बावा." मग मालकाला हाक मारायची. मालकाने दारातून पाहावं तेव्हा त्या फरशीवर कोणी माणूस कधी बसला होता, अशी शंकाही येऊ नये, ही त्याची हौस होती.

वकीलसाहेबांच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या घराचं काम त्याला मिळालं. घर जुनं पण धडधाकट, वडिलांनी बांधलेलं, दिवाणखान्यापासून मागच्या ओसरीपर्यंत पांढरा दगड. वकीलसाहेब समतेवर भाषणं देणारे, जयंतीला हार घालायला सर्वांत पुढे. त्यांच्या पत्नी, काकू, बोलायला गोड. कामाच्या वेळी चहा यायचा... मला स्टीलच्या कपात, मिलिंदला कागदाच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं कप कमी असतील. मग कळलं की कप भरपूर आहेत. मला स्टील कशामुळे मिळालं हे मला समजत होतं. पूर्वी निदान कान तुटलेला वेगळा कप कोनाड्यात दिसायचा, आता कागदी कप फेकला की पुरावाही गेला. मिलिंदला मी म्हटलं, काम सोडून दे. तो म्हणाला, फरशीनं काय पाप केलं? घरातून पाणीही तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून घ्यायचा आणि भाकरी मागच्या ओसरीच्या कोपऱ्यात खायचा. जाताना त्याने काकूंना नेहमीप्रमाणे बजावलं, की संगमरवराला आंबट चालत नाही. लिंबू, ताक, दही काही सांडलं तर लगेच पुसा, वाळू देऊ नका. काकूंनी मान डोलावली. आणि फरशी... काय सांगू, खिडकीचे गज तिच्यात उलटे उभे दिसत होते. वकीलसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि मग तोच हात हवेत फिरवून "वा, वा" म्हणाले.

आठवडा झाला नसेल, त्यांचा फोन आला. पॉलिश गेली म्हणे. आम्ही मशीन घेऊनच गेलो. घरात पाहुणे जमू लागले होते, त्यांच्यादेखत वकीलसाहेबांनी फरशीकडे बोट केलं. खरंच, त्या आरशासारख्या दगडावर जागोजाग आंधळे ठिपके पडले होते. मिलिंद खाली बसला, गाल जवळजवळ फरशीला टेकवून त्याने खिडकीच्या उजेडात तिरपं पाहिलं, एका ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग उठून ठिपक्यांच्या मागे मागे चालत गेला. मीही गेलो. दिवाणखान्यात ते विरळ होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, तो जिथे पाण्यासाठी उभा राहायचा तिथे, दाट. आणि मागच्या ओसरीच्या कोपऱ्यात, जिथे तो भाकरी खायला बसायचा, तिथे तर कांजिण्या उठाव्यात तसे. मला समजायला वेळ लागला. त्याला लागला नाही.

"पॉलिश कधी अशी थेंबाथेंबानं उतरत नसते, साहेब," तो म्हणाला. "काय शिंपडलं?"

खाई त्याला खवखवे. वकीलसाहेब छताकडे पाहू लागले. काकूच बोलल्या, आणि अगदी निरागसपणे बोलल्या, हे मी आजही विसरू शकत नाही. म्हणाल्या, "अरे, पंचगव्य होतं ते. दही, गोमूत्र... शुद्धच असतं सगळं. त्याने कसा डाग पडेल?" आंबट सांडलं तर पुसायचं, हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. पण शिंपडलेलं पुसायचं नसतं, ते आपसूक वाळू द्यायचं असतं! ते वाळलं आणि त्याने दगड खाल्ला. इतकी साधी गोष्ट होती. मिलिंदने विचारलं, लग्नासाठी रंगारीही येऊन गेले, तेव्हाही शिंपडलं होतं का? काकू म्हणाल्या, "ते आपलेच होते ना." वकीलसाहेबांनी त्यांना डोळ्यांनी दाबलं आणि मिलिंदला म्हणाले, तू विषय कुठल्या कुठे नेतोस.

मिलिंदचा आवाज चढला नाही. "घासून देतो साहेब. अर्ध्या दिवसाचं काम हाये, डाग निघून जाते. बस, या पाहुण्यायसमोर एक सांगा, का पॉलिश माही खराब नोयती."

त्यांनी हे एक वाक्य म्हणायचं होतं. कोणाची माफी नाही, कोणाची जात नाही, गोमूत्राचं नावही नाही. पण वकीलसाहेब म्हणाले की मी काय आता दवंडी पिटू? मिलिंद बाहेर आला. टेम्पोतून मशीन उतरवू नको म्हणाला. वाटेत नेहमीच्या लिंबाखाली आम्ही डबे उघडले, तर त्याच्या हातातला घास तसाच राहिला. "लोकायचा मळ काढून राह्यलो इतके वर्षं," तो म्हणाला, "मले कधी घाण नाई वाटली. आज वाटून राह्यली." मग त्याने भाकरी कुत्र्याला टाकली.

लग्नात जो येईल त्याला वकीलसाहेब ठिपके दाखवत राहिले. जऊळक्याच्या त्या मिलिंदने वाट लावली हो. झालं, त्या आळीतली, त्या ओळखीतली जुनी घरं त्याच्या हातून गेली. मी भांडायला तयार होतो. मी म्हटलं, मी सांगतो खरं काय ते, बाजारात उभा राहून सांगतो. त्याने मला हात जोडून अडवलं. "तू सांगशीन तं लोक माही कीव करतीन आन् फरशीचं इसरून जातीन. मले कीव नाई पायजे, गजा. मले माह्या पॉलिशचं नाव पायजे. ते त्यायच्याच तोंडून आलं पायजे." असा तिरपागडा माणूस! वाट पाहत राहिला. दर दिवाळीला विचारायचा, वकील काही बोलला का रे. आणि पोटासाठी स्वयंपाकाच्या ओट्यांचे ग्रॅनाइट कापायला लागला. संगमरवर पाणी सोडून घासतात, त्यात धूळ उडत नाही. ग्रॅनाइट तो कोरडंच कापायचा. घरमालकांना भिंती ओल्या झालेल्या चालत नसत. पांढऱ्या शर्टची जागा तोंडाला बांधलेल्या रुमालाने घेतली. मग खोकला आला, मग अकोल्याच्या फेऱ्या, मग ऑक्सिजनची नळी. डॉक्टर म्हणाले, छातीत दगडाची भुकटी बसली आहे. बिड्याही होत्या, ते नाकारत नाही. पण माझ्या मनाचा हिशेब मला कोणी शिकवू नये.

मिलिंदच्या घरी, त्याच्या मृत्यूनंतरच्या जलदान विधीला, वकीलसाहेब आले होते. मिलिंदने आपल्या घरात जमीन केली होती ती जुन्या घरांतून निघालेल्या फुटक्या संगमरवराच्या तुकड्यांची, वेडेवाकडे तुकडे एकमेकांत बसवून अशी घासलेली की सांधा बोटाला लागू नये. सगळं गाव त्या फरशीवर मांडी घालून बसलं होतं. वकीलसाहेबांनी गुडघ्यांचं कारण सांगून खुर्ची मागितली. चहा आला तेव्हा उपास निघाला. आणि निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "माणूस हिरा होता. आमच्याकडचं काम तेवढं जरा बिघडलं, पण माणूस हिरा." मी हात सोडवून घेतला आणि बाहेर जाऊन तो नळाखाली धुतला. सुनंदावहिनीने ते पाहिलं असावं. लोक पांगल्यावर तिने मला विचारलं, "भाऊ, थे डाग अजून हायेत का हो तितं?" मी म्हटलं, असतील. तिने खालच्या फरशीवरून बोट फिरवलं. "राहू द्या मंग," म्हणाली.

गेल्या आठवड्यात वकीलसाहेबांनी मला घरी बोलावलं. धाकट्याचं लग्न निघालं आहे. फरशी करून देणारा दुसरा कोणी असेल तर सांग आणि मशीन तुझ्याच टेम्पोतून आण, म्हणाले. मी आत गेलो. गालिचा बाजूला केला होता. ठिपके होते तसे होते... दिवाणखान्यात विरळ, उंबऱ्यापाशी दाट, ओसरीच्या कोपऱ्यात खचाखच. जो माणूस स्वतःचे सगळे ठसे पुसून मागे मागे बाहेर पडायचा, त्याचं उठणंबसणं या लोकांनी स्वतःच्या हाताने दगडात कोरून ठेवलं होतं. कुठे उभा राहिला, कुठे जेवला, सगळं. "निघतील ना रे हे?" काकूंनी विचारलं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, हे मला मिलिंदने सांगितलेलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "हे आता जात नाहीत."

दुसरा कोणी त्यांना खरं सांगेल, सांगो. वकीलसाहेब वर्तमानपत्राची ही पुरवणी, जिच्यात हे छापून येतंय, दर रविवारी वाचतात, हे मला माहीत आहे. काकूही वाचतात. जे एक वाक्य तो माणूस मरेपर्यंत मागत राहिला, ते यांच्या तोंडून येणार नाही हे आता मला कळलं आहे. त्याने मला हात जोडून अडवलं होतं, पण तो आता अडवायला नाही. पॉलिश त्याची खराब नव्हती. चार लोकांसमोर सांगितलं.

त्या दिवशी वकीलसाहेबांकडे मी थेट मळ्यातून गेलो होतो, पाय धुतले नव्हते. दारात येऊन चप्पल घालताना सवयीने मागे वळून पाहिलं. ओसरीपासून बाहेरच्या उंबऱ्यापर्यंत पांढऱ्या दगडावर माझ्या पायांच्या मातीचे ठसे उमटले होते. एरवी तो शिव्या देत, फडकं घेऊन माझ्या मागे आला असता. मी ते तसेच ठेवले आणि टेम्पो सुरू केला.