एकतिसावा बिराम

तर मेंढा सुटला तिथवर काल आलो होतो. दावं तुटलं, मेंढा कुंपण फोडून भुईमुगाच्या शेतात घुसला आणि सगळं म्बेलाकार गाव त्याच्यामागे धावलं. बारशाची सकाळ. इमाम चटईवर येऊन बसलेले, बायकांनी बाजरीची लापशी चुलीवरून उतरवलेली. आणि ज्याच्या मानाचा तो मेंढा, तो बिराम न्गोम तेवढा धावला नाही. वाटेत एक ओंडका पडला होता, त्याच्यावर तो बसला, चपलेतला खडा झटकला आणि लोक मेंढा घेऊन कधी परत येतात त्याची वाट बघत राहिला.

तासाभरानं मेंढा सापडला. लोक घामाघूम, एकमेकांवर चिडलेले. त्यांनी ओंडक्यावर बसलेल्या बिरामकडं पाहिलं आणि म्हणाले, "काय धीर आहे बघा या माणसाला. कपाळावर एक आठी नाही." बाळाच्या बापाची छाती फुगली. पोराला नाव द्यावं तर असल्याचंच. बिरामला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, धीर कसला, गुडघे दुखत होते. पण त्याला कुणी विचारलं नाही. ते बाळ झालं सत्ताविसावा बिराम.

आमच्याकडं पोराचं नाव ठेवायचं म्हणजे आधी माणूस शोधावा लागतो. हयात असो की मातीत गेलेला, त्याचा स्वभाव आणि त्याचं नशीब नावाबरोबर पोरात उतरतं, असं सगळे धरून चालतात. तो त्या नावाचा धनी. हयात असेल तर आठव्या दिवशी सकाळी धन्यानं पांढरा झगा घालून चटईच्या वरच्या टोकाला बसायचं, पोराला पहिलं कापड द्यायचं, मेंढ्याचा मानाचा वाटा घ्यायचा. तिथून पुढं ते पोर जन्मभर त्याचं. ईदला पाया पडायला येणार, परीक्षेला जाताना येणार, बापाशी भांडलं की येणार, लग्न ठरलं की येणार, मोडलं तरी येणार.

एखाद्याला जन्मात दोन-तीन असे नाववाले मिळाले तर तो भाग्यवान म्हणायचा. बिरामला तीस होते. न्गोम तर होतेच, पण फाय, सेन, थियाव, वाटेल त्या घरात एक बिराम. गावात "बिराम" अशी हाक घातली की चार पोरं वळत आणि पाचवा हा म्हातारा, तोही सवयीनं. मोठ्या ईदच्या सकाळी त्याच्या अंगणात रांग लागायची. पहिला नाववाला आता स्वतः आजोबा व्हायला आला होता आणि शेवटचा आईच्या पाठीला बांधलेला. बिराम प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायचा, तेच आशीर्वाद पुटपुटायचा आणि दुपारी भिंतीला टेकून डोळे मिटायचा. झगा एकच. तीस बारशांना धुऊन धुऊन त्याची कॉलर दोनदा उलटी शिवून झालेली.

धंदा त्याचा कुंपणं विणायचा. बाजरीची धाटं उभी लावायची, दोरीनं आवळायची. तरुणपणी तो छपरंही शाकारायचा, पण बाविसाव्या वर्षी त्यानं ते सोडलं. तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले नाहीत. शिडी नाही, झाड नाही. लोक म्हणत, भाऊ तसा गेला, भीती बसली बिचाऱ्याला.

भाऊ म्हणजे जोगोय. दोन वर्षांनी मोठा. हा आज जितका गप्प तितका तो तेव्हा तोंडाळ. गावातल्या प्रत्येकाला त्यानं टोपणनाव दिलेलं, आणि ती इतकी चपखल की काही अजून चिकटून आहेत. कामाच्या वेळी गायब, जेवणाच्या वेळी कुणाच्याही पातेल्यापाशी हजर. घरामागं जी गोरखचिंच आहे, तिचा पाला काढायला दोघं भाऊ आळीपाळीनं चढत. खोडात खुंट्या ठोकलेल्या आहेत, त्यांवर पाय ठेवत ठेवत. त्या दिवशी पाळी बिरामची होती. बिराम तापानं पडून होता, म्हणून जोगोय चढला. वरून चौथी खुंटी निसटली. सारं गाव एवढंच जाणतं. लग्न नाही, पोर नाही, चोविसाव्या वर्षी संपला. आणि जो पडून मेला त्याचं नाव कोण कुणाला ठेवील? शेहेचाळीस वर्षांत त्या नावाची हाक गावात कुणी मारली नाही.

तर वागानला मुलगा झाला. वागान हा बिरामचा एकुलता मुलगा, सुतार. दोन मुलींवर हा पहिला पोरगा. त्याच संध्याकाळी तो बापाकडं आला, अंगाला लाकडाचा भुसा तसाच.

"बा, झगा धुवायला टाका. एकतिसावा."

बिराम दोरी वळत होता. वळत राहिला. मग म्हणाला, "वागान, याचं नाव जोगोय ठेव."

वागान हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग त्याला दिसलं की नाही करत.

"पडला तो, बा."

"हो."

"माझ्या पोरानं पडावं असं वाटतं तुम्हाला?"

"माझी तीस आहेत," बिराम म्हणाला. "मला पुरे झाली. एक त्याला असू दे. मी गेल्यावर मागणारंही कुणी राहणार नाही."

"गाव काय म्हणेल? सगळ्या गावानं माझ्या बापाचं नाव घेतलं आणि मी त्याच्या पोटचा, मीच टाकलं? आणि घ्यायचं तर कुणाचं, त्याचं? काय चांगलं होतं त्याच्यात, सांगा. एक गोष्ट सांगा, मी आत्ता ठेवतो."

एक गोष्ट होती. ती सांगायला बिराम शेहेचाळीस वर्षं रोज बसत होता आणि रोज तसाच उठत होता. त्यानं दोरीचं टोक दातात धरलं आणि गाठ मारली.

"मग झालं तर," वागान म्हणाला आणि गेला.

पुढचे दिवस म्हातारा कामावर गेला, आला, जेवला. सून निलान बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी पोराला घेऊन बसलेली असे. पाचव्या दिवशी तिनंच विषय काढला.

"मामंजी, खरं सांगते, भीती मलाही वाटते. पण दुसरीकडं असंही वाटतं, मी बिराम म्हणून हाक मारली तर माझ्या पोराच्या आधी शेजारची तीन येतील. आणि जेवून जातील."

"जेवतात," बिराम म्हणाला. "मला माहीत आहे."

"तुम्ही दमता ना त्यांच्यानं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता. त्यानं बाळाकडं पाहिलं. बाळ झोपेत ओठ हलवत होतं, कुणाची तरी चहाडी करत असल्यासारखं.

"पोरांनी नाही दमत," तो म्हणाला. "ते माझ्याबद्दल जे बोलतात त्यानं दमतो."

निलानला काही कळलं नाही, पण रात्री जेवताना तिनं ते नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. वागान म्हणाला, "त्यांचं वय झालं आता." आणि ताटात बघत राहिला.

आठवा दिवस उजाडला. अंगणात चटया पसरल्या. मेंढा या वेळी दोन दाव्यांनी बांधलेला, कारण गावाला आधीचा अनुभव. नाववाल्यांतले बारा-तेरा बिराम सकाळीच येऊन बसले होते, नव्या बिरामला बघायला. दिबोर भाटीणही आली. गावातल्या प्रत्येक न्गोमाची सात पिढ्यांची थोरवी हिच्या जिभेवर. आवाज असा की दोन गावं पलीकडच्या गाई कान टवकारतील. ती आल्या आल्याच म्हणाली, "मला पाणी द्या गं आधी. एकतीस वेळा एकाच माणसाची स्तुती करायची म्हणजे घसा काय लोखंडाचा आहे?"

वागान बापाला बोलवायला आत गेला. म्हातारा पलंगाच्या काठावर बसला होता, अंगात रोजचाच सदरा. झगा खुंटीवर. धुतलेला, घडी न मोडलेला.

"बा, लोक खोळंबलेत. झगा घाला."

"मी आजोबा म्हणून येतो," बिराम म्हणाला. "आजोबाला असा सदरा चालतो. मागं बसेन."

"आणि धन्याच्या जागेवर कोण बसणार?"

"तू ज्याचं नाव घेशील त्याची ती जागा. माझं घेतलंस तर ती जागा रिकामी राहील. मी तिथं आता बसू शकत नाही, वागान. खरंच नाही बसू शकत. रागावून नाही सांगत."

वागान उभा राहिला. त्यानं बापाला चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं आणि आजही पाहत नव्हता. पण त्याला खुंटीवरच्या झग्याच्या उलट्या शिवलेल्या कॉलरची शिवण दिसली, एकीवर एक अशी दोनदा घातलेली. मग बापाचे हात दिसले, मांडीवर उताणे पडलेले. हा माणूस गप्प आहे म्हणून शांत आहे, असं त्यानं जन्मभर धरलं होतं. आज पहिल्यांदाच त्याला ते तितकंसं खात्रीचं वाटलं नाही. तो वळून बाहेर गेला.

म्हातारी आत्या बाळाचं डोकं भादरून मोकळी झाली होती. इमामांनी बाळाला हातात घेतलं आणि वागानकडं कान केला. वागाननं कानात सांगितलं. इमामांनी मान मागं घेऊन त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा कान केला. वागाननं पुन्हा तेच सांगितलं.

पण दिबोर कुणासाठी थांबायची? सवयीची बाई. इमाम बाळाच्या कानाशी वाकले न वाकले तोच तिनं सूर लावला, "बिराम, बिराम न्गोम, ज्याचा मेंढा पळाला पण धीर पळाला नाही..."

"दिबोर," इमाम म्हणाले, "थांब. बिराम नाही."

"नाही कसं?"

"जोगोय."

लापशी ढवळणाऱ्या बाईचा हात पातेल्यातच थांबला. बारा-तेरा बिराम एकमेकांकडं बघू लागले. मागून कुणी तरी हळूच म्हणालं, "तो पडलेला?" आणि कुणी तरी त्याला कोपरानं ढोसलं. वागान मान खाली घालून उभा होता, जसा एखादा आपलंच दार चुकीच्या मापाचं झालेलं बघत उभा राहतो तसा. निलाननं दारातून फक्त सासऱ्याकडं पाहिलं.

नाव पुकारल्याशिवाय बारसं होत नाही, आणि पुकारायचं तर बरोबर थोरवी सांगावीच लागते. दिबोरनं दोनदा घसा खाकरला. जोगोयसाठी तिच्याकडं काहीच नव्हतं. तिच्या आईनंही त्याच्यावर काही रचून ठेवलं नव्हतं. मागच्या रांगेत, आजोबांच्या जागी, सदऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याकडं ती वळली.

"बिराम बा, आता तुम्हीच सांगा. मी त्याला पाहिलं नाही, मी तेव्हा रांगत होते. लोक म्हणतात तो तोंडाळ होता, कामचुकार होता, झाडावरून पडला. यातलं काय गाऊ? काही तरी चांगलं द्या मला. पोर थंडीत उघडं आहे."

बिराम उठला. गुडघ्यांवर हात टेकून, वेळ घेत. सगळे त्याच्याकडं बघत होते. तिसांपैकी जे हजर होते ते, वागान, इमाम, सगळे. त्याला वाटलं होतं, हे बोलायची वेळ आली की छाती फुटेल. तसं काही झालं नाही. दिवसभराच्या कामानंतर डोक्यावरचा भारा खाली टाकताना माणूस जसा बोलतो, तेवढ्याच आवाजात तो म्हणाला, "गा, की त्या सकाळी चढायची पाळी माझी होती आणि मला ताप नव्हता. मी आळसानं पडून राहिलो आणि ताप आलाय म्हणून सांगितलं. त्याला कळलं होतं मी खोटं बोलतोय, तो हसला, म्हणाला झोप, आणि माझ्या जागी चढला. मी गप्प राहतो ते तेव्हापासून, त्यात धीरबीर काही नाही. एवढं गा, दिबोर, आणि सावकाश गा. मला खाली बसून ऐकायचंय."