टोर्केलचा नेम

दूर उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावर पितेओ गाव आहे. तिथल्या कागद कारखान्याच्या लाकूड-वखारीत टोर्केल सांडलुंड क्रेन चालवायचा. ट्रकमधून आलेले ओंडके लोखंडी पंजात धरायचे, उचलायचे आणि ढिगावर रचायचे. अख्ख्या कारखान्यात त्याच्याइतका गप्प माणूस दुसरा नव्हता, आणि त्या भागात गप्प माणसांचा काही तुटवडा नाही. तिथे "हो" म्हणायचं असलं तरी कुणी तोंड उघडत नाही, नुसता श्वास आत ओढतात. टोर्केल तोसुद्धा जपून ओढायचा.

पाळी संपली की तो घरी यायचा, दाराशी बूट काढायचा, कॉफी करायचा आणि संगणकापुढे बसायचा. गोळीबाराचा एक खेळ होता, त्यातल्या सरावाच्या आखाड्यात. खऱ्या सामन्याआधी हात मोकळा करायची ही जागा. पाच-पाच जणांचे संघ, डावपेच, हारजीत हे सगळं पुढे, सामन्यात. इथे प्रत्येकजण एकटा आणि बाकीचे सगळे त्याचे वैरी. दिसला की मारायचा. आपण मेलो तर पापणी लवायच्या आत दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा उभं राहायचं. थोड्या वेळाने गुणफलक कोरा होतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू. लोक इथे एखादी फेरी मारतात, बोटं गरम झाली की सामन्याला निघून जातात.

टोर्केल निघून जात नसे. वर्षानुवर्षं तो त्या आखाड्यातच होता. खेळाचं रूप बदललं, नकाशे बदलले, त्याच्याबरोबर सुरुवात केलेली पोरं लग्नं करून मुलाबाळांत अडकली, पण याचा नेम काही चुकला नाही. रोजचाही नाही आणि बंदुकीचाही नाही. नेम धरायची पडद्यावरची फुली तो कधी जमिनीवर पडू द्यायचा नाही, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर धरूनच भिंतीच्या कडेने सरकायचा. कोपऱ्याशी पाय थांबवायचा, कारण चालता चालता झाडलेली गोळी भरकटते. मग एकच गोळी. तिथे त्याने स्वतःचं नाव 'स्टोक' ठेवलं होतं, म्हणजे ओंडका.

"ओंडका आला रे! चला, कॉफी प्यायला उठा सगळे."

"अरे, याला घरदार नाही का? सकाळी होता, आत्ताही आहे!"

"एवढा तयारीचा आहेस तर सामन्यात ये की. का ओंडके घाबरतात?"

अशी शेरेबाजी चालायची. टोर्केल उत्तर देत नसे. कधी फारच झालं तर "वेळ नाही" एवढं टंकायचा, आणि तिथेच तासभर आणखी बसायचा.

त्याला एक पुतणी होती, टूवा. सतरा वर्षांची, बोलायला फटकळ. तिचे वडील मातियास म्हणजे टोर्केलचा मोठा भाऊ. टूवा पाळण्यात असतानाच गोठलेल्या समुद्रावरचा बर्फ पायाखाली फुटला आणि तो बुडाला. तिची आई अनेली गावातल्या दातांच्या दवाखान्यात काम करायची. दर गुरुवारी ती पाल्ट उकडायची, आत डुकराचं मांस भरलेले बटाट्याचे गोळे, आणि टोर्केलचा वाटा टूवाबरोबर पाठवायची. टूवा डबा स्वयंपाकघरात ठेवायची, कॉफी प्यायची आणि जायची. काका-पुतणीचं नातं एवढंच.

एका गुरुवारी टोर्केलला तिची चाहूल लागली नाही. कानांवर हेडफोन होते. टूवा डबा हातात घेऊन त्याच्या पाठीशी उभी राहिली आणि पडद्याकडे बघतच राहिली.

"तू स्टोक आहेस?"

टोर्केल दचकला आणि मेला. पडद्यावर.

"टोर्केल, तू स्टोक आहेस! अरे, तो ओंडका म्हणजे तू? गेल्या महिन्यात तू मला सलग सात वेळा डोक्यात मारलंस! मी माउस भिंतीवर आपटला होता!"

"पाल्ट गार होईल," टोर्केल म्हणाला.

"पाल्ट गेला खड्ड्यात! आमच्या संघात सगळे म्हणतात, स्टोक म्हणजे माणूस नाहीच, यंत्र आहे. आणि तो आमच्याच घरचा निघाला!"

तिने कोट काढला, खुर्ची ओढली आणि बसली. त्या दिवशी ती बराच वेळ थांबली, पुढच्या गुरुवारीही. मग तर मधल्या वारीही येऊ लागली. टोर्केल तिला फारसं समजावत नसे. तिची फुली खाली गेली की नुसता "वर" म्हणायचा, ती धावता धावता गोळ्या झाडायला लागली की "थांब आधी." टूवाला ते पुरायचं. अनेलीने एकदा फोन करून विचारलं, "पोरगी त्रास तर देत नाही ना?" टोर्केल म्हणाला, "नाही." मग जरा थांबून म्हणाला, "येऊ दे तिला."

फेब्रुवारीत टूवाच्या संघातला मेल्केर बर्फावरून घसरला आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. गावाच्या क्रीडागृहात याच खेळाची स्पर्धा तोंडावर आलेली, कुणालाही खेळता येईल अशी, वयाची अट नाही. पाचवा माणूस कुठून आणणार? टूवा थेट काकाकडे आली.

"तू खेळायचंस."

"नाही."

"एक दिवस. फक्त पुढच्या आठवड्यातला शनिवार."

"मी सामने खेळत नाही."

"का पण? तुझ्याइतका नेम अख्ख्या किनाऱ्यावर कुणाचा नाही. इथे एकटा बसून मारतोस, परत मारतोस, कशासाठी? कुणाला दाखवायचंय?"

टोर्केलने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "सामन्यात बाकीचे चौघं माझ्यावर विसंबून असतात," तो म्हणाला. "ते मला जमत नाही."

"कधीपासून?"

त्याने हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली. टूवा मूर्ख नव्हती. तिने हळू आवाजात विचारलं, "बाबांमुळे?"

टोर्केलने श्वास आत ओढला.

मग त्याने सांगितलं. इतक्या वर्षांत त्याने ते पोलिसांखेरीज फक्त अनेलीला सांगितलं होतं, तेही एकदाच. एप्रिलचा दिवस होता, ऊन लख्ख, दोघे भाऊ स्नोमोबाइल घेऊन बर्फात भोकं पाडून मासे धरायला निघालेले. मातियास पुढे, टोर्केल मागे. नदीच्या मुखाजवळ खालून प्रवाह होता आणि बर्फ आतून कुजला होता. पुढची गाडी गेली ती दिसेनाशीच झाली. मातियास वर आला, कडेला धरलं, कड मोडली, पुन्हा धरलं. टोर्केलकडे दोरी होती. तो पोटावर सरपटत जमेल तितका जवळ गेला आणि दोरी फेकली.

"अलीकडे पडली," टोर्केल म्हणाला. "ओढून घेतली, परत फेकली. वारा समुद्रावरून होता. डावीकडे गेली. तिसऱ्यांदा बरोबर त्याच्या हातावर पडली. पण तोवर त्याची बोटं मिटत नव्हती."

खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी गेली.

"मला घरी सांगितलंय की बाबा एकटे होते," टूवा म्हणाली.

"मीच सांगायला लावलं तसं. तुझ्या आईला."

टूवा उठली. कोट घातला, बटणं न लावताच बाहेर पडली. टोर्केल खिडकीशी गेला नाही. त्या संध्याकाळी तो आखाड्यातही गेला नाही. पडदा काळा, त्यात त्याचाच चेहरा. त्या गुरुवारी पाल्ट आला नाही.

आली ती अनेली, रविवारी दुपारी. तिने कॉफी मागितली नाही.

"ती माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलले म्हणून."

"माझ्यासाठी बोललीस."

"तुझ्यासाठी, माझ्यासाठी. सोपं होतं म्हणून." ती भिंतीला टेकून उभी होती. "टोर्केल, मी तुला कधी दोष दिला?"

"नाही."

"द्यायला हवा होता. भांडायला हवं होतं तुझ्याशी. तू इथे बसलास, मी तिथे बसले, आणि दर आठवड्याला मी डबा पाठवत राहिले. वाटायचं, तेवढं पुरे. वाऱ्यात ती दोरी कुणाच्या बापाला टाकता आली नसती, हे तुला माहीत आहे ना?"

"पहिली टाकता आली असती," टोर्केल म्हणाला. "मी घाई केली."

अनेलीने त्याच्या बाहीला हात लावला, तेवढ्यापुरता, आणि गेली.

दोन दिवसांनी टूवा आली. डबा नव्हता. दारातच उभी राहून तिने विचारलं, "बाबा पाण्यात असताना काही बोलले का?"

हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. पोलिसांनी वेळ विचारली होती, बर्फाची जाडी विचारली होती.

"बोलला," टोर्केल म्हणाला. "पहिली दोरी चुकली तेव्हा म्हणाला, 'शांतपणे टाक रे, मी कुठे जातोय?'"

टूवाचा चेहरा आक्रसला. तिला हसू आलं की रडू, ते तिलाही कळलं नसावं. "असे होते ते? अशा वेळीसुद्धा?"

"असाच होता. आमच्या लहानपणी आमचा पाच जणांचा संघ होता, शाळेच्या तळघरातल्या संगणकांवर हाच खेळ खेळायचो. मी चुकलो की म्हणायचा, 'याला आईने डोळे उसने आणून दिलेत.' सगळ्यांसमोर. आणि पुढच्या डावात मला स्वतःची चांगली बंदूक देऊन टाकायचा, आपण पिस्तूल घेऊन पुढे जायचा."

टूवा आत आली, बसली. "आणखी सांग," म्हणाली. टोर्केलने सांगितलं. एवढं तो एका बैठकीत आयुष्यात बोलला नव्हता. मातियासला गाता येत नव्हतं आणि तो गायचा. त्याला माशांचे काटे काढायचा कंटाळा, म्हणून टोर्केलला काढायला लावायचा. टूवा जन्मली तेव्हा तो कारखान्यात प्रत्येकाला हात धरधरून सांगत फिरला होता. बोलता बोलता टोर्केलचा घसा बसला.

निघताना टूवा म्हणाली, "शनिवारी ये किंवा नको येऊस. मी मागे लागणार नाही."

शनिवारी तो गेला. स्वतःचा कीबोर्ड आणि माउस पिशवीत घेऊन क्रीडागृहाच्या दारात उभा राहिला. आत सगळी पोरं. त्याच्या निम्म्या वयाची. "हा स्टोक?" कुणीतरी कुजबुजलं. "वाटलं होतं, निदान पंचविशीचा असेल." उजवा हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेल्या मेल्केरने डाव्या हाताने हस्तांदोलन केलं आणि स्वतःची खुर्ची दिली.

सामन्याआधी सगळ्यांनी आखाड्यात एक फेरी मारली. टोर्केलने नेहमीप्रमाणे पहिला नंबर काढला. मग सामना सुरू झाला आणि त्याचा हात परका झाला. सामन्यात मेलं की डाव संपेपर्यंत मेलेलंच राहायचं, बसून बाकीच्यांना लढताना बघायचं. पहिल्या डावात तो लगेच मेला. दुसऱ्यातही. टूवा एकटी उरून तिघांशी झुंजत होती, हा हात मांडीवर ठेवून बघत होता.

सहाव्या की सातव्या डावात उलटं झालं. चौघे गेले, टोर्केल उरला. समोर एकच गडी, कोपऱ्यापलीकडे. चौघांच्या पडद्यावर आता त्याचीच नजर. तो कोपऱ्याशी उभाच राहिला, वेळ संपत आला तरी.

"टोर्केल," हेडफोनमध्ये टूवाचा आवाज आला, "मेलास तरी चालेल. हा फक्त एक डाव आहे."

"आणि मेलास तर पुढची कॉफी तुझ्याकडून," मेल्केर मागून म्हणाला.

टोर्केल बाहेर पडला. पहिली गोळी भिंतीत गेली. समोरच्यानेही झाडली, तीही हुकली. टोर्केलने पाय थांबवले आणि दुसरी झाडली. ती लागली. कानात चार आवाज एकदम फुटले, इतके की त्याने हेडफोन कानावरून दूर धरला.

तो सामना ते जिंकले. दुपारच्या सामन्यात शेजारच्या लुलेओ शहराच्या संघाने त्यांना उडवलं. शेवटच्या डावात टोर्केलचा नेम चुकला. चांगला, मोकळ्यावरचा, सोपा नेम. आखाड्यात तो डोळे मिटून लागला असता. टूवाने माउस टेबलावर आपटला, दोन कडक शिव्या दिल्या, एक नशिबाला, एक काकाला. मग सगळे बाहेर जाऊन गाडीवरचे सॉसेज खात उभे राहिले. थंडीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ येत होती. अनेली आली होती. टूवा तिच्याशी अजून तुटकच बोलत होती, पण तिने आईच्या सॉसेजवर मोहरीची चटणी ओतून दिली. टोर्केल कुणाकडे न बघता म्हणाला, "सोपा होता तो."

"हो, सोपाच होता," टूवा तोंड भरलेलं असताना म्हणाली. "मंगळवारी ये सरावाला. मेल्केरला बरं व्हायला अजून सहा आठवडे आहेत."

सोमवारी वखारीत पहाटेच्या पाळीला त्याचा सोबती बिर्गेर थर्मास उघडत म्हणाला, "काय, शनिवार-रविवार कसा गेला?" हे तो दर सोमवारी विचारायचा आणि दर सोमवारी टोर्केल "ठीक" म्हणायचा.

"हरलो," टोर्केल म्हणाला.

बिर्गेरचा पेला अर्ध्यात थांबला. "कोण हरलं?"

"आम्ही. शेवटच्या डावात माझीच चूक झाली. समोर उभा होता, आणि मी..." आणि तो सांगत राहिला, कोपरा कुठे होता, टूवा कुठे मेली, दुसरी बंदूक घ्यायला हवी होती का. बिर्गेरला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तो ऐकत होता, मधूनमधून श्वास आत ओढत. तेवढ्यात फाटकावर पहिल्या ट्रकने भोंगा दिला. टोर्केल म्हणाला, "थांब, उरलेलं जेवणाच्या सुट्टीत सांगतो," आणि क्रेनची शिडी चढायला लागला.