सरांचं गॅसवरचं डालगं

गॅसवर स्वयंपाकही करता येतो, हे आमच्या गल्लीला फार उशिरा कळलं.

त्याला कारण मीच. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नवीन जालन्यातल्या एका शाळेत शास्त्र शिकवायचो, आणि स्टेशनमागच्या आमच्या गल्लीत पहिला गॅस माझ्या घरी आला. चकचकीत शेगडी, नळी, ढोल्या सिलेंडर... सगळी गल्ली बघून गेली. माझ्या बायकोनं, कमलनं, मात्र सिलेंडरकडे एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, "ही टाकी फुटली तर मी बी जाईन आन् भाकरी बी जाईन. मी आपली चुलीवरच करते!"

मग एवढ्या नवसानं मिळालेल्या गॅसचं करायचं काय? त्या श्रावणात झड लागली होती. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर ओले कपडे. जेवताना वरणात बनियनचं पाणी ठिबकायचं. मी शेगडी ओसरीवर मांडली, तिच्यावर भोकं पाडलेला पत्र्याचा डबा पालथा घातला आणि त्यावर कोंबड्या झाकायचं मोठं डालगं उपडं ठेवलं. डालग्यावर ओला टॉवेल पसरला. बघता बघता टॉवेल पापडासारखा कडक! या यंत्राला मी 'वायुशुष्कक' असं भारदस्त नाव दिलं. गल्ली म्हणायची, 'सरांचं डालगं.'

अशातच माझ्या धाकट्या बहिणीचं, शांताचं, लग्न ठरलं. ऐन पावसाळ्यात लग्न कसं, असं कोणी विचारेल. आम्ही बौद्ध, मुहूर्ताची भानगड आमच्यात नाही. नवरदेव पिंपळगाव रेणुकाईचा, फौजेत शिपाई. त्याची सुटी हाच मुहूर्त! लग्नात नेसायला शांतानं पांढरीशुभ्र सुती साडी आणली होती. बालवाडीत नोकरी लागल्यावरच्या पहिल्या पगाराची. ती साडी ती कुणाला हात लावू देत नव्हती.

लग्नाच्या दिवशी सकाळी तीर्थपुरीहून आलेल्या आमच्या आत्यानं हात लावला. नुसता नाही, हळदीचा!

"आगं माय!" आत्या ओरडली आणि डाग जाईल म्हणून घाईघाईनं तिनं साबण चोळला. हळदीला साबण लागला की लालभडक रंग येतो, हे मी दरवर्षी वर्गात करून दाखवतो. आत्याला दाखवायचं राहून गेलं होतं. पांढऱ्या साडीवर लाल पंजा उमटला. मग बायकांनी धू धू धुतली, डाग गेला, पण साडी चिंब. लग्न दुपारी. बाहेर झड.

"माझी साडी घे ना," कमल शांताला म्हणाली.

"न्हाई वहिनी. नेसीन तर हीच." शांताचे डोळे भरून आले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (असा मान मला आयुष्यात फार थोड्या वेळा मिळाला आहे.) मी बाह्या सारल्या. "काळजी करू नका. शास्त्र कशासाठी असतं?"

शेगडी पेटवली, साडी डालग्यावर पसरली. ज्योत आधी निळी होती, मग पिवळी झाली, मग फक् करून विझली.

मी काडी ओढली. काही नाही. दुसरी ओढली. नाही! "बर्नरमध्ये कचरा असणार," मी जाहीर केलं आणि स्टोव्हच्या पिनेनं एकूणएक भोक कोरलं. तरी नाही. "मग नळी असणार." नळी काढून तोंडानं फुंकली. एवढ्यात समोरचे सायकल दुकानवाले रज्जाकभाई पंप घेऊन धावत आले.

"कचरा अटक्या दिखता सर. हवा मारूं?"

"मारा!"

त्यांनी असा काही दाब मारला, की बर्नरमधून साचलेली काजळी उडाली आणि थेट माझ्या तोंडावर बसली. शेगडी मात्र थंडच. आम्ही बटणं फिरवली, सिलेंडरला थोपटलं, रज्जाकभाईंनी त्याला कान लावून ऐकलं. ओसरीपुढे छत्र्यांची गर्दी जमली.

बाजेवर बसलेले आमचे बाबा (रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले) शांतपणे म्हणाले, "आरं, टाकी खाली झाली आसंल."

"शक्यच नाही, बाबा! यावर आपण एक कप चहा केला नाही. चार-दोन टॉवेल वाळले असतील. एवढ्यात संपेल कशी?"

तेवढ्यात कमल खोकली. ती अशी खोकली, की आता काहीतरी कबुली येणार हे मी ओळखलं.

"तुम्ही शाळेत गेल्यावर ना... लांबूनच काडी लावून शेजारच्या लेकराची दुपटी वाळवली."

"बरं. दुपट्यांनी काय होतंय!"

"मंग गल्लीतल्या समद्यांचीच लेकरं आली. म्हंजी, दुपटी आली. पापड बी आले, मऊ पडल्ते बिचारे."

"आणखी?"

"लाकडं."

"लाकडं?"

"पावसानं भिजल्ती. चूल पेटंना. मंग मी रोज लाकडं आन् गौऱ्या डालग्यावर ठिवत होते. बराबर वाळायच्या!"

चुलीच्या धुरातून सुटका व्हावी म्हणून लोक गॅस घेतात. माझ्या घरी चूल पेटावी म्हणून गॅस जळत होता!

दुसरा सिलेंडर लगेच मिळणं म्हणजे स्वप्नच. शांता ओली साडी छातीशी धरून उभी. तेव्हा बाबा उठले आणि मला म्हणाले, "आण ती साडी. चल माझ्यासंगं ठेसनावर. येक आग आजून ईझली न्हाई."

स्टेशनात मालगाडीचं इंजिन पाणी घेत उभं होतं. ड्रायव्हर बाबांच्या ओळखीचा निघाला. "या की सर वर," म्हणाला. बाबांचे गुडघे दुखत होते म्हणून ते खाली थांबले, मी साडी घेऊन इंजिनावर चढलो. फायरमननं भट्टीचं दार उघडलं. काय तो धगधगाट! मी दोन्ही हात वर करून साडी धरली. पदर आधी, मग बाकीची. वाफेचे लोट निघायला लागले. मला इतका आनंद झाला, की मी फायरमनला उष्णतेच्या प्रारणाविषयी सांगायला लागलो. भला माणूस, कोळसा टाकत टाकत ऐकत होता.

तेवढ्यात शिट्टी झाली.

"सिग्नल पडला सर! जल्दी उतरा!"

उतरायचं कुठून? साडी माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून, पायांतून गेली होती. आतून मला फक्त पांढरं दिसत होतं. गाडी हलली. साडीतून तोंड बाहेर काढलं तेव्हा बाबा गुडघे विसरून प्लॅटफॉर्मवरून पळत होते.

"आरं उतर! लगीन हाये!"

"बाबा, साडी वाळली!"

"मंग ती तरी टाक खाली!"

खाली सगळा चिखल. टाकू कुठे? मी साडी छातीशी घट्ट धरली आणि बाबा लहान लहान होत गेले.

अशा रीतीनं बहिणीचं लग्न जालन्यात आणि मी तिची साडी घेऊन बदनापुरात! तिथं गाडी थांबताच उडी मारली आणि रस्ता गाठला. एक ट्रक थांबला. मागं शेळ्या, पुढं जागा नाही. मी शेळ्यांत बसलो. साडीची घडी सदऱ्याच्या आत पोटाशी, वर ताडपत्री. एका शेळीला माझा सदरा फार आवडला. तिच्याशी झुंजत झुंजत मी जालन्यात आलो.

विहाराच्या दारात सगळे ताटकळत उभे. माझा चेहरा काळा, एक बाही शेळीनं खाल्लेली. कमलनं मला पाहून डोक्यावरचा पदर सावरला. तिला वाटलं, कोणी परका आहे! मी पोटातून साडी काढली. कोरडी ठणठणीत! पण घडी उलगडली आणि पाहतो तर काय! पदरभर काजळीचे बारीक बारीक ठिपके.

"शांते..." मी पदर तिच्यापुढं धरला.

शांतानं साडीकडे पाहिलं, माझ्या बाहीकडे पाहिलं आणि सकाळपासून पहिल्यांदा खळखळून हसली. "असू दे दादा. पांढरी साडी काय, समद्याच नेसतात!"

ती नेसून आली. नवरदेवाच्या आईनं पदर हातात घेऊन निरखला. "बुट्टी लई बारीक हाये. कुठली म्हनायची ही साडी?"

"बदनापूरची!" आत्या ठसक्यात म्हणाली.

त्रिशरण सुरू झालं. मी सगळ्यांत मागं उभा होतो आणि माझ्याभोवती लोकांनी आदरानं बरीच जागा सोडली होती. (शेळ्यांचा वास होता.) बाबा तेवढे जवळ आले. लग्न लागल्यावर शांता त्यांच्या पाया पडायला वाकली तेव्हा साडीला कोळशाचा वास येत होता. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्या कपड्यायला जल्मभर ह्योच वास व्हता, बाई," एवढंच बोलले आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले. आज बाबा नाहीत, ती इंजिनंही गेली. कुठं कोळशाचा धूर आला, की मला मात्र अजून ते लग्न आठवतं.

पुढच्याच आठवड्यात नेमका बाष्पीभवनाचा धडा आला. मी वर्गाला विचारलं, "ओला कपडा लवकर वाळायला काय काय लागतं?"

"उष्णता!" एकजण म्हणाला.

"वारा!" दुसरा.

"शाब्बास! आणखी?"

मागच्या बाकावरून एक मुलगी गंभीरपणे उठली. "बदनापूरचं तिकीट, सर."

सगळा वर्ग लोळायला लागला. मी फळ्याकडे तोंड फिरवलं. उत्तर साफ चूक होतं. तिकीट मी काढलंच नव्हतं!